एक वीत लांब

साहित्याची पेटी तालुक्याहून आली दिवाळीनंतर.
तिच्यातली कप्पी प्लास्टिकची,
पहिल्याच ओढीला दुभंगली.
मग मी सहावीला म्हटलं,
उद्या घरून काहीही आणा
ज्याच्यानं काम सोपं होतं.

मुजम्मिलनं बापाच्या दुकानातला टायरपान्हा आणला,
वाकडा, काळाकुट्ट, वंगणाच्या वासाचा.
शिवलीलानं अडकित्ता, सुपारीच्या चुऱ्यासकट.
केरबाच्या चिमट्यामागं त्याची आई
शाळेच्या दारापर्यंत आली,
भाकरी काय हातानं उलटू का म्हणून.
चिमटा जोर वाचवत नाही, मी सांगितलं,
बोटं वाचवतो.
हे लेकरांना लगेच पटलं.
सोपानरावांचा धाकटा
थोरल्या भावालाच घेऊन आला.
ह्याच्यानं व्हतंय सर, म्हणाला.
दहावी नापास भाऊ मागच्या बाकावर
तास संपेपर्यंत बसला,
आणि फळ्यावरची उतरण
कुणाच्या तरी वहीत काढून गेला.

तुळजा धोत्रे रिकाम्या हातानं आली.
सर, बा कामावर घेऊन गेलाय, म्हणाली,
जेवायच्या सुट्टीत आणते.

जिंतूरकडून येलदरीला जाताना
डाव्या हाताला खदान लागते. तिथून ती आली
मैदानभर पहार ओढत.
मागं मातीत एक रेघ,
शाळेत कुणी मारली नव्हती इतकी सरळ.

कुंपणाचं काम उरकून ठेकेदारानं सोडलेला
एक दगड आमच्या फाटकात पडून होता,
बसलेल्या वासराएवढा.
तेरा लेकरांनी लोटून पाहिला होता,
मीही, कुणी नसताना.

मी पहार घेतली, टेकू ठेवला,
भार, बल, टेकू म्हणत जोर लावला.
दगड ढिम्म.
तिथं नका ठेवू सर, तुळजा म्हणाली,
पोटाखाली सरकवा त्याच्या.
अजून. अजून थोडं.
आता जोर नका लावू.
आणि ती पहारीच्या टोकावर
नुसती बसली,
झोक्यावर बसावं तशी.

दगड उचलला चार बोटं.
खाली पांढरं पडलेलं गवत,
मुजम्मिलची दोन वर्षांपूर्वीची गोटी,
आणि नांगी वर केलेली एक इंगळी.
वर्ग मैदानभर पांगला.
गोटीसाठी मात्र तो परत आला.

मग मोजलं. टेकूपासून दगड अर्धा फूट,
टेकूपासून तुळजा साडेचार.
म्हणजे नऊपट, केरबा ओरडला.
पण ती दोन फूट खाली आली
तेव्हा दगड चार बोटं वर गेला.
यंत्र फुकट काही देत नाही, मी म्हटलं,
जोर थोडा मागतं,
चालायला मात्र जास्त लावतं.
फळ्यावर लिहायचं राहिलं, कारण फळा आत होता.

मग अजून लांब केली तर? शिवलीला.
तर अजून सोपं, मी.
तुळजानं मान हलवली.
लांब पहार जड असती सर.
ती उचलायची कुणी?
ह्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं.
मी घंटेकडं पाहिलं.

सत्र परीक्षेत दोन गुणांचा प्रश्न होता:
तरफेचा दैनंदिन जीवनातील उपयोग लिहा.
सगळ्यांनी कात्री लिहिली, अडकित्ता लिहिला,
सोपानरावांच्या धाकट्यानं पुन्हा भाऊ.
तुळजानं लिहिलं,
आईची पहार बाच्या पहारीपेक्षा
एक वीत लांब आहे.
कारण आई हलकी आहे.

दोन पैकी दोन दिले.
मग लाल पेन तसंच धरून
बसून राहिलो बराच वेळ
त्या एका वितीवर.